मोडीतला राजा

आमचं घर हुपरीचं. वडील पैंजणं करतात. आमच्याकडं चांदीला इतिहास नसतो, टंच असतो. मोड आली की वजन, मूस, भट्टी. विषय संपला.

दहावीच्या सुट्टीत मोडीच्या ढिगात एक जाड, ओबडधोबड नाणं सापडलं. एका बाजूला ठिपके आणि रेघा, दुसऱ्या बाजूलाही तेच. काट्यावर जेमतेम चार ग्रॅम.

"काय बघालायस एवढं? टाक मुशीत," वडील म्हणाले. मी टाकलं.

कॉलेजसाठी कोल्हापुरात आलो, तेव्हा एका पुस्तकात अगदी तसंच नाणं दिसलं. गधैया नाणं. पोटात गोळाच आला.

ते ठिपके म्हणजे एक चेहरा होता. इराणचा सासानी राजा पेरोझ, राज्यकाळ इ.स. 459 ते 484. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला मुकुट घातलेला तो, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिचे दोन राखणदार. हूणांनी त्याला पकडलं, तेव्हा सुटकेसाठी त्यानं तीस खेचरांवर मावेल एवढी चांदी कबूल केली. वीस खेचरांचीच जमली, म्हणून मुलगा कवाध ओलीस ठेवला, असं जुन्या नोंदी सांगतात. शेवटी तो हूणांशी लढतानाच मेला.

ती नाणी हूणांबरोबर हिंदुस्थानात आली. इथल्या टाकसाळींनी ती बघून नवी पाडली, त्या नव्यांवरून आणखी नवी. राजस्थान, गुजरात, माळवा, महाराष्ट्र. कित्येक शतकं हे चाललं. पाडणाऱ्यांनी पेरोझला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याचं नाक रेघ झालं, डोळा ठिपका, वेदी नुसती उतरंड. लोकांना त्यात गाढवाचं तोंड दिसलं, म्हणून 'गधैया', असंही म्हणतात. तरी नाणं चाललं, कारण चांदी खरी होती.

म्हणजे हिशेब वडिलांचाच बरोबर. राजा कोण, हे बाजारानं विचारलंच नाही. मला मात्र ते विचारल्याशिवाय राहवत नाही. आज माझ्याकडं सात गधैया नाणी आहेत, सगळी विकत घेतलेली. फुकट मिळालेलं आठवं कुणाच्या तरी पायात वाजत असेल.

हे सगळं मी वडिलांना एकदा सांगितलं. ते काही बोलले नाहीत. गेल्या दिवाळीला त्यांनी माझ्या हातावर पंचम जॉर्जचा झिजलेला रुपया ठेवला, 1918 चा.

"तोंड दिसलं, म्हणून बाजूला ठेवला."

चांदीचे पैसे मात्र वहीत माझ्या नावावर लिहिले.