चूल, फुंकणी आणि माझी नवी मोटार

मैत्रिणींनो, पन्नाशीला टेकलेल्या बाईने वेगवान मोटार घ्यावी का? हसलात ना? हसा खुशाल. मुलुंडच्या आमच्या सोसायटीतही सगळ्या हसल्या. ‘एलबीएस रोडवर सायकलवाला पुढे जातो, तिथे तुला रेसची गाडी कशाला गं?’ असं शेजारच्या वहिनींनी विचारलंच. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच वर्षभर गाडी वापरून झाल्यावर उत्तर देते आहे.

आधी ही जात कोणती ते सांगते. दिसायला साधी, मागे वर उघडणारं दार असलेली छोटी घरगुती गाडी; इंजिन मात्र जोरकस. हिला ‘हॉट हॅच’ म्हणतात. 1976 साली जर्मनीत फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आली आणि ह्या जातीचं जगभर नाव झालं. तिची ताकद 110 अश्वशक्ती. त्या काळी आपल्या कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीची चाळीसच्या आसपास! आपल्याकडे चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये आली, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन 2021 मध्ये आणि टाटांची अल्ट्रोझ रेसर 2024 मध्ये. माझी गाडी ह्याच गोतावळ्यातली. नाव सांगत नाही, उगीच जाहिरात नको.

एवढ्याशा इंजिनात जोर येतो कुठून? आपल्या आज्या फुंकणीने चूल फुलवायच्या ना, तसंच. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चिमुकला पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. ह्याला टर्बो म्हणतात. जादा हवा मिळाली की जादा पेट्रोल जळतं आणि जोर वाढतो. बिलही वाढतं, हे ओघानं आलंच!

आता माझं कारण. माझी आई जुन्नरला एकटी असते. जुन्नरला रेल्वे नाही. मुरबाडवरून माळशेज घाट चढून जायचं. आमच्या जुन्या गाडीला चढावर माणसं भरली आणि एसी लावला की धाप लागायची. एका ट्रकला ओलांडायचं तर जीव मुठीत. त्यामुळे आईकडची फेरी दोन-दोन महिने लांबत होती. पैसे माझेच होते, वीस वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले. ‘मुदत ठेवीत असू देत, म्हातारपणी उपयोगी पडतील,’ असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ‘आईचं म्हातारपण आत्ता आहे.’ त्यावर हे गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्याबरोबर निघाले.

पहिल्या शोरूममध्ये सेल्समनने किल्ली सरळ ह्यांच्या हातात दिली आणि मला विचारलं, ‘मॅडम, रंग कुठला आवडतो?’ मी म्हटलं, ‘रंगाचं नंतर बघू, आधी किल्ली.’ तिथून आम्ही निघालोच. दुसरीकडे मात्र मला हवी तशी गाडी फिरवू दिली. हायवेवर कुणीही फिरवील. मी ती आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून नेली, सोसायटीच्या उतारावरून आत घेतली, आमच्या पार्किंगच्या दोन खांबांमध्ये लावून पाहिली. मागे सासूबाईंना बसवलं होतं. त्या म्हणाल्या, ‘बसायला बरी आहे गं, पण उठवायला दोघी लागतील!’ आता त्या पुढेच बसतात.

वर्षाचा हिशेब खरा सांगते. मुंबईत हिच्या जोराचा उपयोग जवळजवळ शून्य. संध्याकाळी एलबीएस रोडवर पहिला-दुसरा गिअर, आणि क्लच दाबून डावा पाय भरून येतो. अशा गर्दीत लिटरला दहा-अकरा किलोमीटर, त्याहून जास्त नाही. टायर रुंद पण चपटे, म्हणून पावसाळ्यात प्रत्येक खड्डा कमरेला कळतो. विम्याचा हप्ताही जुन्या गाडीपेक्षा जास्त.

पण मुरबाड सोडलं की सरळ रस्त्यावर, समोर कुणी नाही असं पाहून मी पुढच्या ट्रकला ओलांडते, तेव्हा मला ते पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. ओलांडताना आपण समोरून येणाऱ्याच्या वाटेत असतो. तिथे जितके कमी सेकंद, तितकी भीती कमी. घाटाच्या वळणावर मात्र मी कधीच ओलांडत नाही. तिथे धुकं असतं, दगड येतात, कठड्याशी पर्यटक उभे असतात. तिथे कितीही अश्वशक्ती असली तरी एसटीच्या मागे मुकाट्यानेच चालायचं. अख्ख्या वाटेत गाडीचा सगळा जोर चार-सहा वेळाच लागतो. पण त्या भरवशावर आता पंधरा दिवसांनी आईकडे जाणं होतं.

तुमचं माहेर बोरिवलीहून घाटकोपरला असेल, तर बायांनो, ही गाडी घेऊ नका. साधी घ्या, पैसे वाचवा. घाटापलीकडे असेल तर जरूर विचार करा. जाताना घरातलं सर्वांत वयस्क माणूस बरोबर न्या. डिकीत रोजचं सामान ठेवून बघा. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून बघा. पेट्रोल आणि विम्याचा वर्षाचा खर्च आधी वहीत मांडा. आणि पैसे तुमचे असतील, तर गाडीचे कागदही तुमच्याच नावावर करा.