लोट रेंगाळला, आणि मीही

वाचन : उत्पत्ती, अध्याय 19, वचने 15 व 16



पूर म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर धावत येणारं पाणी येतं. आमचा पूर तसा नाही. आमचं गाव चिकोडी तालुक्यात, दूधगंगा कृष्णेला मिळते त्या पट्ट्यातलं. पाऊस पडतो महाबळेश्वर-कोयनेकडं, राधानगरीकडं. ते पाणी आमच्यापर्यंत यायला दिवस-दोन दिवस जातात. कल्लोळ-येडूरचा बंधारा पाण्याखाली गेला की आम्ही समजतो, सुरू झालं. मग नदी मळीच्या शेतात शिरते. उसाच्या सुरळीत गाळ बसला की ऊस गेला, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

गावात मात्र पाणी समोरून येत नाही. नदी भरली की ओढ्याच्या पाण्याला जायला वाट राहत नाही. ते तुंबतं, फुगतं आणि उलटं वर चढतं. आपण पुढच्या दारात उभं राहून नदीकडं बघत असतो, तोवर पाणी मागच्या परड्यात येऊन बसलेलं असतं. त्याला आवाज नसतो. भिंतीवरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसते, तेवढीच काय ती वर्दी.

असं पाणी माणसाला भरपूर वेळ देतं. आणि त्या वेळात आम्ही काय करतो? मोजतो. अंगणात काठी रोवायची. दोन तासांनी बघायचं, चार बोटं चढलं. चहा करायचा. रात्री बॅटरी घेऊन बघायचं, अजून एक वीत. प्रत्येक वेळी वाटतं, आता उतार लागेल.

आमच्या घरी मोजायला काठीचीही गरज नव्हती. माझ्या सासऱ्यांनी 2005 च्या पुराची खूण जोत्याच्या दगडावर छिन्नीनं कोरून ठेवली होती, उंबऱ्याच्या खाली चार बोटांवर. एवढा मोठा पूर, पण घरात आला नाही. ती खूण आमच्या घरात वाडवडलांच्या शब्दासारखी झाली होती.

2019 च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. आमच्या गल्लीत आपल्या लोकांची सहा घरं. त्यांची विचारपूस धर्मग्रामाकडून माझ्याकडं असते. कोण आजारी आहे, कुणाला घरी कम्युनियन न्यायचं आहे, असं सगळं. सोमवारी फादरांचा फोन आला, "माळावरच्या शाळेत सोय झाली आहे. सगळ्यांना घेऊन वर या." मी म्हटलं, "फादर, खुणेला अजून दीड हात बाकी आहे. बघते उद्या."

एवढ्यावर थांबले असते तर ते माझ्यापुरतं राहिलं असतं. पण मी पलीकडच्या आक्कांकडं गेले. एकट्या राहतात, दोन शेरडांवर त्यांचा संसार. त्यांनी गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. मी म्हटलं, "आक्का, भिऊ नका. 2005 ला आलं नाही, आता काय येतंय?" त्यांनी गाठोडं उचलून आत ठेवलं. ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

बुधवारी रात्री पाणी खुणेवरून गेलं. गेलं तेव्हा काहीच घडलं नाही. दगड दिसेनासा झाला, एवढंच. मग उंबरा, मग सोपा. वीज नव्हती. तालमीतली पोरं गुऱ्हाळातली काहील घेऊन गल्लीतून माणसं काढत होती. शेजारच्या घरातला मुलगा दारात आला. "काकी, चला." मी डाळीचं पोतं माळ्यावर चढवत होते. "आले रे, एवढं ठेवते." परत हाक मारली. मी प्रभूची तसबीर शोधत होते. तिसऱ्यांदा तो बोललाच नाही. कमरेएवढ्या पाण्यातून आत आला, माझं मनगट धरलं आणि ओढत बाहेर नेलं. त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस हातावर होते.

आक्कांना बाहेर काढलं ते उजाडल्यावर. त्यांच्या परड्यात पाणी आमच्याआधी शिरलं होतं. शेरडांचं दावं सोडायला त्या गेल्या, तेव्हा त्यांच्याच गळ्याशी पाणी आलं होतं. त्या परत फिरल्या. शेरडं बांधलेलीच राहिली.

त्याच आठवड्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं नेणारी नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. ती बातमी शाळेत आली, तेव्हा मला आमची काहील आठवली. आपण उशीर करतो, तेव्हा आपल्यासाठी पाण्यात उतरणाऱ्यांचा जीवही आपण पणाला लावतो. पुढं आकडेही कळले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. 2005 मध्ये पाणी 53 फुटांवर गेलं होतं, 2019 मध्ये 57 फुटांवर. आमच्या सासऱ्यांची खूण खोटी नव्हती. पाणी कुठवर आलं होतं, ते ती सांगत होती. कुठवर येईल, हे तिला कुठून माहीत असणार?

15 ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, शाळेच्या व्हरांड्यात मिस्सा झाली. त्याआधी मी फादरांकडं पापनिवेदन केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आक्कांना सांगितलंत का?"

मिस्सा झाल्यावर आक्कांजवळ जाऊन बसले. सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू म्हनालीस म्हनून न्हाय ऱ्हायले, बाई. मला जायाचंच नव्हतं. तुझं बोलनं गोड लागलं, एवढंच." आणि थोड्या वेळानं, "पर शेरडं माजी गेली."

पुराची गोष्ट निघाली की आपल्याला नोहा आठवतो. मला त्या दिवसापासून लोट आठवतो. त्याच्या कथेत पाणी नाही, अग्नी आहे. पण माणूस माझ्यासारखा आहे. देवदूतांनी सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं. जावयांकडं जाऊन त्यांना सावधही केलं होतं. त्यांना ती थट्टा वाटली. म्हणजे लोटाला सगळं ठाऊक होतं. तरी पहाटे निघायची वेळ आली तेव्हा तो रेंगाळला. का, ते शास्त्र सांगत नाही. त्याच्याही दाराशी एखादी जुनी खूण असेल, असं मला वाटतं. पुढं काय झालं पाहा. देवदूत त्याला सोडून निघून गेले नाहीत. परमेश्वराला त्याची दया आली, म्हणून त्यांनी त्याचा, त्याच्या बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरला आणि त्यांना नगराबाहेर आणलं.

देव वेळ देतो, ही त्याची कृपाच. पण तो वेळ मोजण्यात घालवला, तर शेवटी कुणाला तरी आपला हात ओढावा लागतो. आपल्या घरांत असं हळू चढणारं पाणी काय थोडं आहे? नवऱ्याची दारू, सावकाराचं व्याज, भावाभावांतला अबोला, सुटत गेलेली संध्याकाळची जपमाळ. यातलं काहीच एका रात्रीत घरात शिरत नाही. आणि "अजून दीड हात बाकी आहे" असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपल्यावर विसंबून कुणीतरी आपलं गाठोडं आत ठेवत असतं.

2021 च्या जुलैत परत पाणी आलं. कल्लोळचा बंधारा बुडाल्याचं कळलं, त्याच दुपारी मी सहाही घरं फिरले. आक्का म्हणाल्या, "अजून लई लांब हाय." मी वाद घातला नाही. त्यांचा हात धरला. दुसऱ्या हातात त्यांनी नव्या शेरडाचं दावं धरलं, आणि माळापर्यंत मला बोलत राहिल्या. त्या वर्षी पाणी पायरीला लागून उतरलं. आक्का अजून म्हणतात, "उगंच नेलंस." मी ऐकून घेते. मागं शेरडू ओरडत असतं.

हे प्रभो येशू, आम्ही रेंगाळतो तेव्हा आमचा हात धर. ज्यांना आमच्या शब्दाचा आधार वाटतो, त्यांच्यापाशी आमच्या तोंडून खोटा धीर निघू देऊ नकोस. आणि आमच्यासाठी पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला सांभाळ. आमेन.