किल्ली कोणाची?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ होणार हे आधीच कबूल करते. इंग्लिशचा मात्र मला उगीचच माज होता. तो एका रात्रीत उतरला, आणि उतरवला कोणी? एका वायफाय ड्रायव्हरने!

झालं असं, की 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. आमच्या घरचा लॅपटॉप 2016 सालचा, विंडोज 11 त्याच्यावर रीतसर बसत नाही. बाबा म्हणाले, "पतपेढीतून कर्ज काढू, नवा घेऊ." मी तोऱ्यात सांगितलं, "काही गरज नाही बाबा, लिनक्स टाकते. फुकट असतं." पोरीने चाळीस-पन्नास हजार वाचवले असं आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. म्हणजे परतीचे दोर कापलेलेच.

लॅपटॉप होस्टेलवर आणला. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट अर्ध्या तासात बसलं. आवाज, टचपॅड, वेबकॅम सगळं न सांगता चालू. मी खूश! मग वायफाय लावायला गेले, तर यादी कोरी. शेजारच्या रूममधला मोबाइलचा हॉटस्पॉटसुद्धा दिसेना.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. ऑपरेटिंग सिस्टीमचं म्हणणं हार्डवेअरला आणि हार्डवेअरचं तिला समजावून सांगणारा. लिनक्समध्ये बहुतेक दुभाषे कर्नेलच्या आतच बसलेले असतात, म्हणून बाकी सगळं आपोआप चाललं. पण काही चिप बनवणाऱ्या कंपन्या आपला कोड खुला करत नाहीत. त्यांचा ड्रायव्हर बाहेरून आणावा लागतो. माझी चिप नेमकी त्या घराण्यातली. (कंपनीचं नाव लिहीत नाही, उगीच कशाला!)

मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला तर तो म्हणे, आधी इंटरनेट जोडा. अरे, इंटरनेटसाठीच तर ड्रायव्हर हवाय! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. शेवटी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं. ते मात्र लगेच ओळखलं. ड्रायव्हर उतरला. मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो दिला. रीस्टार्ट केलं आणि समोर निळाशार स्क्रीन! मला वाटलं, गेला लॅपटॉप. घाईघाईने पहिला पर्याय दाबला, 'कंटिन्यू बूट'. सुटले एकदाची, असं वाटलं.

वायफाय नाहीच.

मग रात्री दीडपर्यंत एकच उद्योग. मोबाइलवर कमांड शोधायची, टर्मिनलमध्ये जशीच्या तशी टाकायची. शाळेत आम्ही पोएम पाठ करायचो ना, अर्थाशी देणंघेणं नाही, तसं. दर वेळी 'मॉडप्रोब' तेच उत्तर देई : 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस.' बाबांना मेसेज टाइप केला, "नवाच घेऊया." पाठवला नाही, पण खोडलाही नाही.

माझी रूम पार्टनर तोवर जागी झाली होती. ती डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. व्हायव्हाला इंग्लिशमध्ये बोलायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. आणि मी? चार जणींसमोर तिचे उच्चार सुधारून दिलेत. तिने कधी काही म्हटलं नाही, पण हसलीही नाही.

डोळे चोळत ती म्हणाली, "अगं, ते वाच की आधी."

"शंभर वेळा वाचलं!"

"मग सांग, किल्ली कोणाची? आणि नाकारली कोणी?"

पाच शब्द, पाचही पहिलीपासून येणारे. आणि मला उत्तर देता येईना.

तिने स्क्रीनवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग म्हणाली, "सिक्युअर बूट म्हणजे आपल्या होस्टेलचा वॉचमन समज. सही नसलेल्या ड्रायव्हरला तो कर्नेलमध्ये सोडत नाही. हा ड्रायव्हर आत्ता तुझ्याच लॅपटॉपवर कंपाइल झाला, त्यावर सही तुझ्याच लॅपटॉपने बनवलेल्या किल्लीने झाली. पण वॉचमन ती किल्ली ओळखतच नाही. ओळख करून द्यायची जागा म्हणजे तो निळा स्क्रीन. काय लिहिलं होतं तिथे?"

"एम-ओ-के असं काहीतरी."

"मशीन ओनर की. मालकाची किल्ली. मालक कोण? तू! आणि तूच पळून आलीस."

पुन्हा 'मोकयूटिल'ने किल्ली नोंदवायला लावली, नवा पासवर्ड, रीस्टार्ट. निळा स्क्रीन आला. या वेळी 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. लॅपटॉप सुरू झाला आणि वायफायची अख्खी यादी धाडकन समोर! शेजारणीच्या हॉटस्पॉटचं नाव वाचून दोघी खो-खो हसलो. (ते इथे छापता येणार नाही.) मग मी तिला सॉरी म्हटलं. कशाबद्दल ते तिने विचारलं नाही. "झोप आता," एवढंच म्हणाली.

नंतर वाचनात आलं, की 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमनला एका नव्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा कोड हवा होता आणि तो मिळाला नाही. त्याच चिडीतून पुढे 1983 मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. लिनक्सचा कर्नेल 1991 चा, म्हणजे त्याच्याही नंतरचा. तेव्हा रात्री दीड वाजता चिडणारी मी काही पहिली नव्हे!

सकाळी तो मेसेज खोडला आणि बाबांना फोन केला. "बाबा, चालला! कर्ज नको."

"शाब्बास," बाबा म्हणाले. जरा थांबून, "आणि आपला प्रिंटर चालेल का गं त्याला?"