शेवटचं दार



सासूबाईंची किडनी थकली आहे हे कळल्यापासून आमच्याकडे डाळ मोजून शिजते. "डाळीनं काय बिघडतं गं?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना, म्हणून डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं.

न पचलेली प्रथिनं मोठ्या आतड्यात उतरतात. तिथले जिवाणू त्यांतल्या टायरोसीनपासून फिनॉल आणि पॅरा-क्रेसॉल बनवतात. दोन्ही विषारी. पण आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांना सल्फेट जोडतात, उरलेलं यकृत बघतं, आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. शरीर फिनॉलला असं सल्फेट जोडतं, हे बाऊमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७६ मध्येच दाखवलं होतं.

सासूबाईंचं अस्तर आपलं काम करतंय. अडतं ते शेवटच्या दाराशी. किडनी थकली की हे सल्फेट रक्तात साठत जातं. म्हणून डाळ बेताची. पोटही रोज साफ हवं, कारण मळ रेंगाळला की जिवाणूंना जास्त वेळ मिळतो. तंतुमय अन्न मिळालं तर ते प्रथिनांकडे कमी वळतात. भाजी कोणती, किती, ते मात्र डॉक्टरच ठरवतात.

दशलक्षणातले निर्जळ उपवास डॉक्टरांनी बंद करायला सांगितले होते, पण सासूबाई हट्टाला पेटल्या होत्या. हे सगळं ऐकून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आत एवढं कोणी राबतंय, तर मी त्याला आणखी का छळू?"

यंदा त्या उपवासाऐवजी रोज स्वाध्याय करणार आहेत. स्वाध्याय हेही तपच, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.