दुभाष्याच्या हाती किल्ल्या

आदिलाबादेत राहणाऱ्यास दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आमच्या घरी कोकणी, शाळेत मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात उर्दू, तर भोवतालच्या खेड्यांत गोंडी आणि कोलामी. संगणकाच्या पोटातही असाच बहुभाषिक बाजार भरलेला असतो. प्रिंटर, पडदा, कळफलक, प्रत्येकाची बोली वेगळी. ती प्रणालीस समजावून देणाऱ्या दुभाष्यास 'ड्रायव्हर' म्हणतात.

या दुभाष्यास बसवावे कोठे, हा खरा प्रश्न. विंडोज वा लिनक्स यांत बहुतेक ड्रायव्हर थेट गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतात. जणू दुभाष्यास बोलवावे आणि तिजोरीच्या किल्ल्याही त्याच्याच कनवटीस द्याव्यात! तो प्रामाणिक असेलही. परंतु चुकला तर सारे घर खाली बसते. १९ जुलै २०२४ रोजी जगाने हे पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीची संरक्षक आज्ञावलीही अशीच गाभ्यात बसणारी. तिला एक सदोष फाइल मिळाली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आमच्या हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती चक्क हस्तलिखित बोर्डिंग पास पडले.

यावर तोड म्हणजे मायक्रोकर्नेल. गाभा अगदी लहान ठेवावयाचा आणि ड्रायव्हरांना बाहेर ओसरीवर, ज्याच्या त्याच्या खोलीत बसवावयाचे. टॅनेनबॉम यांच्या 'मिनिक्स ३' मध्ये (२००५) कोसळलेला ड्रायव्हर पुन्हा उभा करण्याची सोय होती. 'एसईएल४' चा गाभा तर सुमारे ८,७०० ओळींचा. म्हणूनच २००९ साली त्याची अचूकता गणिताने सिद्ध करता आली. अर्थात नुसती ओसरी पुरत नाही. काही यंत्रे स्मृतीकडे परभारे जाऊ शकतात. त्या वाटेवर 'आयओएमएमयू' नावाचा पहारा लागतो.

मग अशा प्रणाली घरोघरी का नाहीत? दुभाषे मिळत नाहीत म्हणून! यंत्रे बनविणाऱ्या कंपन्या ड्रायव्हर लिहितात ते बहुधा विंडोजसाठी. ड्रेस्डेनमध्ये घडलेली 'स्कल्प्ट' (२०१८) लिनक्सचे ड्रायव्हर उसने आणते आणि प्रत्येकास वेगळ्या खोलीत कोंडते. युक्ती नामी, तरीही नवा लॅपटॉप आणावा तर त्याचे वायफाय मुके राहण्याचा संभव असतोच.

विद्यार्थिमित्रांनो, भक्कम दार बांधणारे पुष्कळ भेटतील. उणीव आहे ती ओसरीवर बसून इमानाने भाषांतर करणाऱ्यांची. चार भाषांच्या गलबल्यात वाढलेल्या तुम्हां मुलांना हे काम परके वाटू नये, अशी आमची समजूत आहे.