जमिनीवर नांगरलेले जहाज

वास्को द गामा शहर मागे टाकून मडगावच्या रस्त्याला लागले, की चढ संपता संपता तांबड्या जांभ्या दगडाचे एक विस्तीर्ण पठार लागते. डाव्या हातास झुआरी नदीचे मुख, उजव्या हातास अरबी समुद्र, आणि या दोन पाण्यांच्या मध्ये दाबोळीचा विमानतळ. गोव्यात प्रथमच उतरणाऱ्या पाहुण्यास हा केवळ प्रवाशांचा तळ वाटतो. परंतु ज्या धावपट्टीवर त्याचे विमान टेकते ती नौदलाची आहे, आणि मनोऱ्यातून त्या विमानास उतरण्याची अनुज्ञा देणारा आवाजही नौदलाचाच असतो. या तळाचे नाव 'आय. एन. एस. हंसा'.

हे नाव ऐकताच आमच्या बरोबरीच्या मुलांनी विचारले, "मग जहाज कोठे आहे?" प्रश्न रास्त होता. नौदलाची रीत अशी की, किनाऱ्यावरील ठाण्यासही जहाजाचेच नाव द्यावयाचे, जहाजाप्रमाणेच त्यास समारंभपूर्वक सेवेत घ्यावयाचे, आणि तेथे काम करणाऱ्यांनी आपण जहाजावरच आहोत असे मानून वागावयाचे. तेव्हा हे सारे पठार म्हणजेच जहाज, जमिनीवर नांगरलेले. जहाजावर ज्याप्रमाणे कप्तानापासून भटारखान्यातील माणसापर्यंत प्रत्येकाचे काम ठरलेले असते, त्याप्रमाणेच येथेही असते. ती निरनिराळी कामे वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. कारण आपल्या गावांतून वर पाहणारास फक्त गर्जना करीत जाणारे लढाऊ विमान दिसते, बाकीचे दिसत नाही.

हा तळ पोर्तुगीज सरकारने १९५० नंतरच्या दशकात बांधला. येथून त्यांच्या कंपनीची विमाने कराचीस, तसेच दमण व दीव येथे जात असत. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून आलेल्या भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले; त्याच दिवशी बेळगावनजीकच्या सांबरा तळावरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. सांबरा आमच्या बेळगावकडील वाचकांस परिचितच आहे; आता तेथे वायुसैनिकांचे प्रशिक्षण चालते. दाबोळीची इमारत वाचवावी अशी वैमानिकांस आज्ञा होती, म्हणून ती वाचली. त्या रात्री धावपट्टीवरील खड्डे चुकवीत दोन प्रवासी विमाने अंधारातून कराचीकडे निसटून गेली. पुढे १९६२ च्या एप्रिलमध्ये हा तळ नौदलाच्या हाती आला. 'हंसा' मात्र मूळची येथील नव्हे. ५ सप्टेंबर १९६१ रोजी ती कोइमतूरनजीक सुलूर येथे सेवेत दाखल झाली होती. १९६४ च्या जूनमध्ये ती दाबोळीस येऊन स्थिरावली.

तळाच्या आत सामान्य मनुष्यास प्रवेश नाही, आणि तो नसावा हेच योग्य. परंतु बोगमाळोच्या वाटेवर १९९८ साली उघडलेले नौदलाचे विमान-संग्रहालय आहे. तेथे झाडांच्या आसऱ्याने उभी असलेली निवृत्त विमाने पाहिली म्हणजे या तळाची कुळकथा क्रमाने उलगडत जाते. पाण्यावर उतरू शकणारे लहानसे 'सीलँड' हे १९५३ साली नौदलास मिळालेले पहिले विमान. त्यानंतरचे 'सी हॉक'. याच जातीची विमाने १९७१ च्या ४ डिसेंबर रोजी 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून उडाली व त्यांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले केले. 'अलिझे' हे पंख्याचे विमान. त्यात तिघे बसत आणि समुद्राखाली दडलेल्या पाणबुडीचा माग काढीत. 'सी हॅरियर' तर नवलाचेच, जागच्या जागी हवेत थांबून सरळ खाली उतरणारे. १९८३ साली ते दाबोळीस आले आणि ११ मे २०१६ रोजी त्याने येथेच निरोप घेतला.

या सर्वांत मोठे आहे ते तीन शेपटांचे 'सुपर कॉन्स्टेलेशन'. पूर्वी ते एअर इंडियाचे प्रवासी विमान होते. पुढे ते वायुदलात गेले, आणि १९७६ साली नौदलाने ही विमाने सागरी टेहळणीसाठी घेतली. ज्या विमानातून माणसे परदेशी जात, त्याच विमानातून पुढे तासन्‌तास समुद्राचा पहारा होऊ लागला.

आता आजच्या तळाकडे वळू. नौदलात विमानांच्या पलटणीस स्क्वॉड्रन म्हणतात व प्रत्येकीस क्रमांक असतो. ३०० व ३०३ या क्रमांकांच्या स्क्वॉड्रनमध्ये मिग-२९के ही लढाऊ विमाने आहेत. यांचे खरे घर समुद्रावरील विमानवाहू नौका. परंतु वैमानिकाचा हात बसेपर्यंत त्याचा सराव जमिनीवरच व्हावा लागतो. त्यासाठी दाबोळीत नौकेच्या पुढच्या टोकासारखा वर वळलेला एक उतरंडीचा धक्का बांधलेला आहे, आणि उतरणाऱ्या विमानाचा आकडा अडकून ते शंभर मीटरांच्या आत थांबावे म्हणून आडव्या पोलादी तारा ताणलेल्या आहेत. आपल्या देशात तयार झालेल्या 'तेजस' विमानाच्या नौदल आवृत्तीने २०१४ च्या डिसेंबरमध्ये याच धक्क्यावरून प्रथम उड्डाण केले, १३ सप्टेंबर २०१९ रोजी याच तारांत ते प्रथम थांबले, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, ११ जानेवारी २०२० रोजी, ते 'विक्रमादित्य' नौकेवर उतरले.

लढाऊ विमानांचा आवाज मोठा. पण बाकीच्या स्क्वॉड्रनची कामे त्याहून कमी महत्त्वाची नाहीत. ३१० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची डॉर्नियर विमाने किनाऱ्यालगत फिरून पहारा करतात. ३३९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये कामोव्ह-३१ ही हेलिकॉप्टरे आहेत. त्यांच्या पोटाखाली रडारची रुंद फळी मिटून ठेवलेली असते. आकाशात गेल्यावर ती उघडते व गोल फिरू लागते, आणि नौकेवरून न दिसणारे दूरचे विमान तिला दिसते. ज्याने उंच माडावर चढून समुद्रातील होडी पाहिली आहे, त्यास हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. २९ मार्च २०२२ रोजी पी-८आय या लांब पल्ल्याच्या विमानांचे ३१६ क्रमांकाचे स्क्वॉड्रन येथेच सेवेत दाखल झाले. दूर समुद्रावर पाणबुड्यांचा शोध हे त्याचे काम. ३२३ क्रमांकाचे स्क्वॉड्रन देशी बनावटीच्या हेलिकॉप्टरांचे असून ते २०२१ च्या एप्रिलमध्ये स्थापन झाले.

या शेवटच्या स्क्वॉड्रनची एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यात महामारीने घरोघरी आकांत मांडला होता. त्या वेळी या स्क्वॉड्रनच्या एका हेलिकॉप्टरात अतिदक्षता विभागाची सामग्री बसविण्यात आली. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र, प्राणवायू, हृदयावर लक्ष ठेवणारी उपकरणे, सर्व काही. हेतू हा की, अत्यवस्थ रुग्णास हवेतूनच उपचार करीत इस्पितळापर्यंत नेता यावे. तसेच २०२३ च्या मार्चमध्ये सत्तरीच्या डोंगरांतील म्हादई अभयारण्यास वणवे लागले, तेव्हा नौदलाच्या व वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी मोठ्या पिशव्यांतून पाणी नेऊन आगीवर ओतले. शस्त्रासाठी उभारलेला तळ अशा वेळी शेजारधर्म पाळतो.

याशिवाय जे कधीच उडत नाहीत त्यांचे काय? विमानांची दुरुस्ती करणारा नौदलाचा कारखाना येथे आहे. इंजिन उघडणारे, तेल भरणारे, हवामान सांगणारे, मनोऱ्यात बसणारे, अग्निशामक बंबावर सज्ज उभे राहणारे, असे किती म्हणून सांगावेत! वैमानिकाची हवाई छत्री कोणीतरी हाताने घडी घालून ठेवलेली असते. ती घडी चुकली तर वैमानिकास ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. अशा तळांवर धावपट्टीवरचा खडा, खिळा, स्क्रू वेचणे हेही नित्याचे काम असते, कारण एवढासा खडा इंजिनात ओढला गेला तरी घात होतो. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना ख्रिस्तमंडळीस देहाची उपमा दिली आणि डोळ्याने हातास तुच्छ लेखू नये असे शिकविले. दाबोळीचे हे काम पाहून त्या शिकवणीचा अर्थ आम्हांस अधिक उमगला.

या कामात जीव जातात, हेही विसरता येत नाही. १ ऑक्टोबर २००२ रोजी इल्युशिन-३८ विमानांच्या ३१५ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. त्याच दिवशी त्याची दोन विमाने दाबोळीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतील बाराही जण गेले, आणि खाली जमिनीवरील काही निरपराध माणसांचाही अंत झाला. रौप्यमहोत्सवाचा दिवस मृत्यूचा दिवस ठरला. तरीही ते स्क्वॉड्रन पुन्हा उभे राहिले, आणि ती जुनी विमाने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, सेहेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाली.

२६ नोव्हेंबर २०२० रोजी एक मिग विमान समुद्रात कोसळले. दोघा वैमानिकांपैकी एकास वाचविता आले. दुसऱ्याचा शोध जहाजे व विमाने अकरा दिवस घेत होती, आणि अखेरीस समुद्राच्या तळातून त्याचे अवशेष हाती आले. मृतास घरी आणण्यासाठी अकरा दिवस न थकणे, हेही तळाचे एक कामच. जिच्या घरचा तांडेल वादळात गेला आणि परतला नाही, त्या माउलीस या अकरा दिवसांचे मोल कळेल.

आणखी एक घटना आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. १६ नोव्हेंबर २०१९ रोजी सरावासाठी उडालेल्या मिग विमानावर पक्ष्यांचा थवा आदळला. एक इंजिन बंद पडले, दुसऱ्याने पेट घेतला. वैमानिकांनी विमानाचे तोंड वस्तीपासून दूर वळविले आणि मगच छत्र्यांच्या साहाय्याने उड्या घेतल्या. विमान वेर्णे येथील माळावर पडले. कोणाच्याही घरावर पडले नाही. आता पक्षी का जमतात हे कोळ्यास व शेतकऱ्यास सांगावयास नको. मासळीची घाण, उघड्यावर टाकलेली आतडी, कुजका कचरा जेथे असेल तेथे घारी व कावळे घिरट्या घालणारच. विमानतळापासून दहा किलोमीटरांच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व कचरा टाकण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु कायदा बाजूस ठेवला तरी, आपल्या परसातील घाणीने दुसऱ्याच्या मुलाचा प्राण जाऊ नये, एवढे तरी ख्रिस्ती माणसाने जाणावे. त्या तळाच्या कामात खेड्यातील गृहिणीचाही वाटा आहे, तो हा.

तळाविषयी तक्रारी नाहीत असे नाही. कानठळ्या बसविणारा आवाज, घर बांधताना उंचीवर येणारी बंधने, आणि सकाळच्या वेळी नौदलाच्या सरावासाठी प्रवासी विमानांना वर्षानुवर्षे घालावी लागलेली मर्यादा, यांवर पुष्कळ बोलले गेले आहे. २०२३ च्या जानेवारीपासून मोपा येथून विमाने सुरू झाल्यावर दाबोळीवरील भार काहीसा वाटला गेला. शेजाऱ्याचे दुःख शेजाऱ्याने ऐकावे, हे दोन्ही बाजूंस लागू आहे.

शस्त्रांच्या या पसाऱ्याकडे श्रद्धाळू माणसाने कसे पाहावे, असाही प्रश्न मनात येतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेने १९६५ साली एकीकडे शस्त्रस्पर्धेचा कठोर निषेध केला, आणि दुसरीकडे, जो सैनिक आपले कर्तव्य योग्य रीतीने पार पाडतो तो शांतीसच हातभार लावतो, असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालणे सोपे नाही. पण दोहोंतील एकही सोडता येत नाही.

पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९२० साली लोरेटोच्या पवित्र मातेस वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. तिचा सण १० डिसेंबरला येतो. ३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियरच्या सणास जुन्या गोव्यास जातो; ४ डिसेंबरला नौदलदिन असतो; आणि आठवडा उलटताच हा सण. या वर्षी जुन्या गोव्याहून परतताना ज्यांस सवड असेल त्यांनी मुलांना बोगमाळोस न्यावे व ती विमाने दाखवावी. आणि १० डिसेंबरच्या रात्री घरोघरी जपमाळ होईल, तेव्हा एक दशक त्यांच्यासाठी म्हणावे: जे उडतात त्यांच्यासाठी, आणि त्यांची छत्री घडी घालून ठेवणाऱ्या त्या अनाम हातांसाठीही.