उस्ताद आणि टॅब

१९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि १९६२ साली स्थापन झालेली एमआयडीसी, या दोघांनी मिळून ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या आमच्या पिढीला पोटापाण्याला लावलं. आयटीआय करायचा आणि वागळे इस्टेट, डोंबिवली एमआयडीसी नाहीतर शहाड-मोहन्याच्या रेयॉन कारखान्यांत अप्रेंटिस म्हणून चिकटायचं. पुढचं शिक्षण उस्तादांच्या हाती.

सुरुवातीचे कित्येक दिवस शेगड्यात पकडलेला लोखंडाचा तुकडा आणि हातात कानस, एवढंच. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की उस्ताद काही न बोलता तुकडा परत आमच्याकडे सरकवायचे. बेअरिंग खराब झालंय का, हे ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला टेकवून आणि मूठ कानाशी धरून ओळखायचे. आम्हाला कळलं नाही, तर आमचा तळवा धरून यंत्रावर टेकवायचे. "थरथर लागते का बघ." दसऱ्याला शेगडे पुसून झेंडू वाहायचा मान अप्रेंटिसचा. त्या वर्षी ज्याचा जॉब पहिल्यांदा पास झाला असेल, त्याचा तुकडा पूजेत ठेवायचे.

आता चांगल्या कारखान्यात नव्या माणसाच्या हाती टॅब येतो. व्हिडिओ मराठीत आहे, हिंदीत आहे, खाली अक्षरं उमटतात, कुठे कोपऱ्यात सांकेतिक भाषेत सांगणारी बाईही दिसते. समजलं नाही तर मागे नेऊन पुन्हा पाहता येतं आणि कुणी खेकसत नाही. शेवटी प्रश्न सोडवले की प्रमाणपत्र थेट मोबाइलवर. पण कानस ओढताना मनगट वाकडं जातंय, हे त्या टॅबला दिसत नाही.

आमच्या वेळी मात्र दिसायचं ते फक्त आत आलेल्यांचं. पोलिओ झालेला मुलगा "उभ्याचं काम आहे" असं ऐकून गेटवरूनच परत जायचा. बायका असल्याच तर पॅकिंगला. यंत्राजवळ त्यांना कुणी बोलावलं नाही. डावखुऱ्याला बळजबरीने उजवा हात वापरायला लावत, आणि चुकलं तर कानफटात बसे. कुणाला हातचं राखून शिकवायचं आणि कुणाला सगळं द्यायचं, हे गाव, जात आणि ओळख पाहून ठरे. ऐकू न येणाऱ्याला तर कुणी विचारलंच नाही. तळव्याने थरथर ओळखायची पद्धत खरं म्हणजे त्याच्यासाठीच सगळ्यात सोयीची होती! हे आम्हा इतक्या जणांत कुणालाच सुचलं नाही, याची आज फार चुटपुट लागते.

१९९५ च्या अपंगत्व कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. खासगी आस्थापनांनाही आता समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. दारं उघडली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

भाषेचा प्रश्न तर जिवाशी येतो. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपण हाताळतो त्या रसायनाचे धोके जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पूर्वी पिंपावरचं इंग्रजी वाचता आलं नाही तरी "याला पाणी लावू नको रे" म्हणणारा कुणी जुना माणूस शेजारी असायचा. तो रजेवर गेला की सगळं रामभरोसे. आता सूचना भाषांतरित असतात, पण बिहारहून कालच आलेल्या कंत्राटी पोराला त्या दाखवायला वेळ कुणाला आहे? डोंबिवली एमआयडीसीने २०१६ मध्ये आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट पाहिले. त्यांची कारणं तपासयंत्रणांनी सांगावीत. पण त्यानंतर तरी कुणाही कामगाराला न समजलेल्या कागदावर सही करायला लावू नये.

या पट्ट्यातल्या कारखानदारांना विनंती आहे: टॅब ठेवा, सगळ्या भाषा ठेवा, आणि प्रत्येक नव्या तुकडीसोबत एक जुना फिटर पगार देऊन उभा करा. असे कितीतरी निवृत्त हात आज घरी बसून आहेत. मात्र आधी त्यांनाच चार दिवस वर्गात बसवा. सांकेतिक भाषेतल्या कामापुरत्या खुणा त्यांना शिकवा, आणि कुणावरही हात उचलायचा नाही, हे स्पष्ट सांगा.